रुरकीची भूकंपशाळा

गंगेचा मोठा कालवा काढायचा तर मोजणी जाणणारी, नकाशे वाचणारी, गवंड्यांकडून काम करून घेणारी माणसे हवीत, म्हणून 1847 मध्ये रुरकीला अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. लेफ्टनंट गव्हर्नर जेम्स थॉमसन यांच्या नावावरून ते पुढे थॉमसन कॉलेज झाले, 1949 मध्ये विद्यापीठ झाले आणि 2001 मध्ये आयआयटी. त्याच आवारात 1960 पासून आणखी एक संस्था नांदते आहे. कागदोपत्री तिचे नाव लांबलचक होते, ‘भूकंप अभियांत्रिकी संशोधन व प्रशिक्षण शाळा’. आज ती आयआयटीचा भूकंप अभियांत्रिकी विभाग आहे. जुन्या मंडळींच्या तोंडी मात्र ‘अर्थक्वेक स्कूल’ हेच राहिले.

आपल्याकडे आपत्ती हा विषय विद्यापीठांत रुळायला एकविसावे शतक उजाडावे लागले. त्सुनामीनंतर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आपत्ती-अभ्यासाचे वेगळे केंद्र निघाले, 2005 मध्ये आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला, मग जागोजागी पदव्युत्तर अभ्यासक्रम आले. रुरकीकरांनी त्याच्या साडेचार दशके आधी एकच आपत्ती निवडली आणि तिच्यावर आख्खी संस्था उभी केली. या निवडीचा लाभ काय झाला आणि तिच्या मर्यादा कुठे उघड्या पडल्या, हे सांगताना महाराष्ट्राचा उल्लेख दोनदा येतो. दोन्ही वेळा नकाशा चुकला होता.

रुरकीच्या आधी या देशात भूकंपाचा अभ्यास नव्हता असे मुळीच नाही. 1897 च्या शिलाँग भूकंपावर भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी लिहिलेला अहवाल जगभर वाचला गेला. 1905 मध्ये कांगडा, 1934 मध्ये बिहार-नेपाळ, 1950 मध्ये आसाम, प्रत्येक वेळी भूशास्त्रज्ञ गावोगाव फिरले, भेगा मोजल्या, पडझडीची नोंद ठेवली. या नोंदी उत्तम होत्या, पण त्या जमिनीविषयी होत्या. घर बांधणाऱ्याने काय करावे, याचे उत्तर त्यांत सहसा नसे. याला एक सन्माननीय अपवाद बलुचिस्तानातला. तिथे 1931 च्या भूकंपानंतर एस. एल. कुमार या रेल्वेच्या अभियंत्याने कर्मचाऱ्यांसाठी भूकंपात टिकतील अशी घरे आखली. 1935 मध्ये क्वेट्टा शहर जमीनदोस्त झाले, तेव्हा ती घरे उभी राहिली. याच कुमारांनी देशाचा भूकंपधोक्याचा एक नकाशाही काढला होता. एका तरुण रेल्वे अभियंत्याने स्वतःच्या बुद्धीने केलेले हे काम एखाद्या विद्यापीठाने लगेच उचलायला हवे होते. ते झाले नाही. क्वेट्ट्याचा धडा तिकडच्या बांधकामापुरता राहिला आणि मधली पंचवीस वर्षे गेली.

स्वातंत्र्यानंतर गरज वेगळ्या दिशेने आली. हिमालयाच्या पायथ्याशी भाक्रासारखी प्रचंड धरणे उभी राहत होती. 1954 ते 1959 या काळात रुरकीचे कुलगुरू होते अजुधियानाथ खोसला, म्हणजे स्वतः धरणांतले अधिकारी पुरुष. धरणाच्या भिंतीवर पाण्याचा दाब किती, हे सांगणारी सूत्रे तयार होती. तीच भिंत पायासकट हलू लागली तर तिच्यावर काय गुजरेल, हे सांगणारा अभियंता देशात शोधावा लागत होता. 1956 मध्ये कच्छातल्या अंजारला भूकंप झाला, त्याने हा प्रश्न आणखी जवळ आणला.

याच सुमारास स्थापत्य विभागातले प्राध्यापक जयकृष्ण कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत जाऊन आले. जॉर्ज हाउस्नर आणि डोनाल्ड हडसन तिथे भूकंप अभियांत्रिकीची घडी बसवत होते. हडसन पुढे रुरकीलाही आले. 1959 मध्ये रुरकीत भूकंप अभियांत्रिकीवर देशातले पहिले चर्चासत्र भरले आणि पुढच्याच वर्षी शाळा सुरू झाली. मुजफ्फरनगर जिल्ह्यात 1912 साली जन्मलेले जयकृष्ण मुळात रुरकीचेच विद्यार्थी. नवी संस्था काढताना त्यांनी एक गोष्ट फार शहाणपणाने केली. बांधकामाचे गणित करणारे, मातीचा अभ्यास करणारे, खडक ओळखणारे आणि यंत्रे बनवणारे असे चौघे चार खात्यांत राहिले तर भूकंप कुणाचाच होत नाही, हे ओळखून त्यांनी सर्वांना एका छपराखाली आणले. ए. आर. चंद्रशेखरन संरचनांचे गणित पाहत, शमशेर प्रकाश मातीचे, एल. एस. श्रीवास्तव भूशास्त्राचे. आपल्या विद्यापीठांत खात्यांच्या भिंती किती जाड असतात हे ज्याने अनुभवले आहे, त्याला या एका निर्णयाची किंमत वेगळी सांगायला नको.

कॅलटेकहून आणलेली मुख्य कल्पना समजून घेण्याजोगी आहे, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. प्रत्येक इमारतीला स्वतःचा एक झुलण्याचा काळ असतो. बुटके, जाड भिंतींचे घर सेकंदाच्या छोट्या अंशात एक हेलकावा पुरा करते, उंच इमारतीला दीड-दोन सेकंद लागतात. एकच भूकंप एकाला जोराने हलवतो आणि शेजारच्याला तेवढा हलवत नाही. म्हणून भूकंप ‘किती मोठा’ एवढे विचारून अभियंत्याचे भागत नाही, अमुक झुलणकाळाच्या इमारतीला तो किती हलवील हे कळावे लागते. ते मोजायचे तर जमिनीचे जोरदार हादरे नोंदणारी यंत्रे हवीत. परदेशी यंत्रे महाग होती. आपला देश प्रचंड, भूकंप कुठे होईल ते ठाऊक नाही. दोन-चार यंत्रे विकत घेऊन काही साधणार नव्हते.

रुरकीच्या कार्यशाळेतून यावर जे उत्तर निघाले ते मला या संस्थेच्या साऱ्या इतिहासात सर्वांत लोभस वाटते. एका पेटीत सहा लंबक. त्यांचे झुलणकाळ तीन प्रकारचे, 0.40, 0.75 आणि 1.25 सेकंद. प्रत्येक प्रकारात दोन, एकाचा हेलकावा लवकर विरणारा, दुसऱ्याचा थोडा उशिरा. लंबकाच्या टोकाची सुई काजळी धरलेल्या काचेवर टेकलेली. भूकंप झाला की सुई काचेवर रेघोट्या काढते. सर्वांत लांब रेघ मोजली की त्या झुलणकाळाची इमारत किती हलली असती ते कळते. वीज नको, घड्याळ नको, रात्रंदिवस राखण नको. वेळेनुसार हादरा कसा बदलत गेला हे ही पेटी सांगत नाही, तो तिचा उणेपणा. पण तहसील कचेरीच्या एका कोपऱ्यात वर्षानुवर्षे पडून राहायला आणि नेमक्या दिवशी उपयोगी यायला असेच यंत्र हवे होते. पुढे विभागाने स्वतःचे संपूर्ण नोंद घेणारे त्वरणमापकही बनवले, पण त्या साध्या पेटीतला व्यवहार त्यात नाही.

1962 हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे. रुरकीत भारतीय भूकंप तंत्रज्ञान सोसायटी स्थापन झाली, आणि भारतीय मानक संस्थेने भूकंपरोधक रचनेचे पहिले मानक काढले. आयएस 1893 हा त्याचा क्रमांक स्थापत्य अभियंत्यांना पाठ असतो. ते घडवण्यात जयकृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा वाटा होता. मानकाला जोडून देशाचा नकाशा होता, धोक्याच्या चढत्या क्रमाने आखलेले झोन, शून्यापासून सहापर्यंत. द्वीपकल्पाचा बहुतेक भाग त्यात निर्धास्त रंगात होता. दख्खनचा कातळ हलत नाही, अशी भूशास्त्रातली तेव्हाची सर्वमान्य समजूत होती. नकाशा मुख्यतः झालेल्या भूकंपांच्या नोंदीवरून काढलेला होता. जिथे नोंद नाही तिथे धोका नाही, असा त्याचा अर्थ आपोआप होत गेला.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर हादरले. दीडशेहून अधिक माणसे गेली. धरण मोडले नाही, पण उतार बदलतो त्या उंचीवर त्याच्या काही खंडांना आडव्या भेगा गेल्या. 103 मीटर उंचीच्या या धरणाची आखणी करताना भूकंपाचे बल गुरुत्वाकर्षणाच्या 0.05 पट धरले होते. धरणाच्या पोटातल्या दालनात बसवलेल्या त्वरणमापकाने प्रत्यक्ष नोंद दिली ती 0.63 पट. (दोन आकड्यांची सरळ तुलना करू नये, आखणीतला गुणांक आणि जमिनीचे शिखर त्वरण या वेगळ्या गोष्टी आहेत, असे रुरकीचा कुठलाही विद्यार्थी लगेच बजावील. बजावू द्यावे. तरी दोहोंमधले अंतर लहान होत नाही.) धरणाच्या एवढ्या जवळून घेतलेली जोरदार हादऱ्याची नोंद तेव्हा जगात विरळ होती. जयकृष्ण, चंद्रशेखरन आणि सैनी यांनी तिचे विश्लेषण करून 1969 मध्ये अमेरिकेच्या भूकंपशास्त्र सोसायटीच्या पत्रिकेत छापले. बर्कलेमध्ये अनिल चोप्रा यांनी त्याच नोंदीवरून काँक्रीटच्या धरणांचे वागणे उलगडून दाखवले. कोयनेचा तो आलेख आजही धरणांच्या भूकंपगणितात तपासणीसाठी वापरला जातो. पाटण तालुक्यातले एक दालन असे जगाच्या पाठ्यपुस्तकांत जाऊन बसले.

नकाशा बदलला. 1970 च्या आवृत्तीत झोन सातावरून पाचावर आले आणि कोयनेचा परिसर वरच्या, चौथ्या झोनमध्ये गेला. पण चूक जिथे उघड झाली तिथेच दुरुस्ती झाली. कोयनेभोवती रंग गडद झाला, मराठवाड्याचा बराचसा भाग पहिल्या, सर्वांत निर्धास्त झोनमध्येच राहिला. त्या काळच्या माहितीवर याहून वेगळे करणे सोपे नव्हते हे मान्य. तरीही, दख्खनचा कातळ हलतो हे एकदा कळल्यावर तो फक्त कोयनेलाच का हलावा, हा प्रश्न रुरकीने आणि मानक मंडळाने अधिक जोराने विचारायला हवा होता असे मला वाटते. कोयनेचा भूकंप धरणाच्या जलाशयामुळे झालेला, म्हणून तो वेगळा, असे एक तयार उत्तर हाताशी होते आणि त्याने बऱ्याच जणांचे समाधान झाले.

सत्तरचे दशक संस्थेच्या भरभराटीचे. 1971 मध्ये जयकृष्ण कुलगुरू झाले, 1972 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांचे आणि चंद्रशेखरन यांचे भूकंप अभियांत्रिकीचे पाठ्यपुस्तक 1976 मध्ये आले आणि पदव्युत्तर वर्गांत वर्षानुवर्षे चालले. 1977 च्या जानेवारीत सहावी जागतिक भूकंप अभियांत्रिकी परिषद नवी दिल्लीत भरली आणि जयकृष्ण भूकंप अभियांत्रिकीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले. स्मरणिकांत अशा गोष्टी ठळक छापतात. त्या खऱ्याही असतात. मला मात्र या काळातल्या रुळांविषयी अधिक सांगावेसे वाटते.

धरणे, पूल, अणुभट्ट्या यांचे गणित होत होते. पण भूकंपात माणसे मरतात ती मुख्यतः विटा, दगड आणि मातीच्या घरांत, आणि त्या घरांना अभियंता नसतो, गवंडी असतो. आनंदस्वरूप आर्य यांनी आपले आयुष्य या घरांना दिले. अशा घराची खरी परीक्षा घ्यायची तर ते खरे बांधून हलवावे लागते, आणि एवढे वजन हलवणारे यंत्र तेव्हा परवडणारे नव्हते. रुरकीत आगगाडीचे रूळ टाकले गेले. मधल्या वाघिणीवर घर बांधायचे, भाराने लादलेली दुसरी वाघीण ओढून नेऊन तिच्यावर आदळवायची, पलीकडे तिसरी उभी असतेच. धक्का बसला की भेगा मोजायच्या, पुन्हा आदळवायचे. भूकंपाची लय यात येत नाही, नुसता धक्का येतो. पण तुलना चोख होते. साध्या भिंतींचे घर काही धक्क्यांत उकलते, कोपऱ्यापासून भिंती सुटतात, एक बाहेर पडते आणि छप्पर खाली येते. त्याच घरात दारे-खिडक्यांच्या माथ्यावर चारी भिंतींना सलग बांधणारा काँक्रीटचा पट्टा आणि कोपऱ्यांत उभ्या सळ्या असल्या की ते त्याहून मोठे धक्के सोसते. भेगा पडतात, पण घर कोसळत नाही. जोत्याशी एक पट्टा, लिंटेलला एक, छपराखाली एक. खर्चात पडणारी भर थोडी. दारे-खिडक्या कोपऱ्याला खेटून ठेवायच्या नाहीत, दगडी भिंतीत ठरावीक अंतराने आरपार जाणारा लांब दगड घालायचा, म्हणजे आतला आणि बाहेरचा थर एकमेकांपासून सुटत नाहीत. यातली कुठलीही गोष्ट समजायला गवंड्याला गणित लागत नाही.

घरबांधणीचे मानक, आयएस 4326, कोयना भूकंपाच्या वर्षीच, 1967 मध्ये आले होते. 1986 मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने अभियंत्याविना होणाऱ्या बांधकामांसाठी मार्गदर्शिका काढली. तिच्यामागे आर्यांचे कष्ट होते आणि ती पुढे अनेक देशांत वापरली गेली. माती आणि दगडाच्या घरांसाठी भारतीय मानके 1993 मध्ये निघाली.

त्याच वर्षी 30 सप्टेंबरला, गणपती विसर्जन आटोपून लोक झोपले असताना, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. मोठेपणा 6.2 च्या आसपास. हिमालयात एवढ्या भूकंपाने इतका संहार होईलच असे नाही. इथे लातूर आणि धाराशिव या दोन जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. ज्यांनी तिकडची जुनी घरे पाहिली आहेत त्यांना कारण विचारावे लागत नाही. ओबडधोबड दगडाच्या, मातीत रचलेल्या दोन-अडीच फूट जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर वर्षानुवर्षे थर चढत गेलेले मातीचे माळवद. उन्हाळ्यात घर गार राहते ते या जाडीमुळे. भिंतीचे आतले आणि बाहेरचे अंग एकमेकांना बांधलेले नव्हते. हादऱ्याने ते फाकले आणि भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. वाड्यातल्या लाकडी खांबांची चौकट कितीतरी ठिकाणी उभीच राहिली होती. भिंतीच तेवढ्या ढासळल्या.

या घरांविषयी सांगण्यासारखे सगळे रुरकीला माहीत होते. ते छापलेले होते. मराठवाड्यातल्या कुणालाही ते वाचण्याचे कारण नव्हते, कारण नकाशाने हा मुलूख पहिल्या झोनमध्ये टाकला होता, आणि गावातल्या घराला मानक लागू करणारी यंत्रणाही नव्हती. रुरकीने गवंड्याची भाषा शोधली होती, पण गवंड्यापर्यंत जाणारा रस्ता सरकारच्या नकाशातून जात होता. भूकंपानंतर तो रस्ता उघडला. जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला, 52 गावे नव्या जागी वसली आणि शेकडो गावांत राहत्या घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण झाले. वाघिणीवर तपासलेला पट्टा आणि आरपार दगड या कार्यक्रमात गावागावांत पोहोचले. लोकांना मात्र दगड नकोसा झाला होता. ज्या दगडाने घरातली माणसे नेली तोच नीट बांधला तर टिकतो, हे त्यांना सांगायला फार उशीर झाला होता. 2002 च्या आवृत्तीत पहिला झोन मुळातूनच काढून टाकला गेला आणि लातूरचा परिसर तिसऱ्यात आला. देशात निर्धास्त रंगाचा भाग आता नाही.

इतिहास लिहायचा तर टिहरीचे नाव टाळता येत नाही. भागीरथीवरच्या या 260.5 मीटर उंचीच्या मातीच्या धरणाचे भूकंपगणित रुरकीत झाले. ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत काही नामवंत भूशास्त्रज्ञांनी, इथे याहून बराच मोठा भूकंप गृहीत धरायला हवा, असा आक्षेप घेतला. वाद समित्यांत गेला, न्यायालयात गेला आणि धरण 2006 मध्ये सुरू झाले. अभियंता आखणीसाठी एक आकडा मागतो आणि भूशास्त्रज्ञ शक्यतांचा पल्ला सांगतो, हा या विषयातला कायमचा तणाव आहे. धरण बांधणाऱ्यांचा सल्लागार आणि भूकंपाचा तटस्थ अभ्यासक या दोन भूमिका एकाच विभागाने घेतल्या की लोकांच्या मनात शंका येतेच. रुरकीने त्या शंकेला अधिक मोकळेपणाने उत्तर द्यायला हवे होते, असे म्हणणारे लोक संस्थेच्या हितचिंतकांतही आहेत.

26 जानेवारी 2001 च्या भूज भूकंपानंतर हे क्षेत्र एकट्या रुरकीचे राहिले नाही. अहमदाबादेत खाली मोकळे वाहनतळ आणि वर फ्लॅट अशा इमारती केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवर कोसळल्या, तेव्हा देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत भूकंपाचे शिक्षणच नाही हे सर्वांच्या ध्यानात आले. कानपूरच्या आयआयटीने 1999 पासून भूकंप अभियांत्रिकीचे माहिती केंद्र चालवून मोठे काम केले. महाविद्यालयांतल्या अध्यापकांना प्रशिक्षण देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम निघाला, त्यात रुरकीसह सात आयआयटी होत्या. चाळीस वर्षे एकाच गावात शिकवला जाणारा विषय असा पांगला, ते बरे झाले.

रुरकीचे स्वतःचे काम आता पुष्कळसे यंत्रांच्या जाळ्याभोवती आहे. कांगड्यात आणि गढवालमध्ये विभागाने बसवलेल्या त्वरणमापकांनी 1986 चा धर्मशाला, 1991 चा उत्तरकाशी आणि 1999 चा चमोली भूकंप नोंदवला. हिमालयातल्या भूकंपांविषयी अभियंत्यांना जे आकडे मिळाले त्यांतले बरेचसे इथून आले. पुढे केंद्र सरकारच्या मदतीने उत्तर आणि ईशान्य भारतात सुमारे 300 ठिकाणी नवी यंत्रे लागली आणि त्यांच्या नोंदी अभ्यासकांना खुल्या झाल्या. कोयनेच्या वेळी एका आलेखावर दोन खंडांतले लोक काम करत होते. आता कऱ्हाडच्या महाविद्यालयातला विद्यार्थीही आपल्या संगणकावर चमोलीचा हादरा एखाद्या चार मजली इमारतीला देऊन पाहू शकतो.

2021 च्या ऑगस्टमध्ये उत्तराखंड सरकार आणि रुरकीने मोबाइलवर भूकंपाची पूर्वसूचना देणारे अ‍ॅप सुरू केले. भूकंपाचे भाकीत यात नाही. भूकंप झाला की पहिल्या, सौम्य लहरी सेकंदाला सहा किलोमीटरच्या आसपास वेगाने निघतात, नासधूस करणाऱ्या लहरी साडेतीन किलोमीटरच्या आसपास, आणि मोबाइलचा संदेश दोहोंच्या पुढे जातो. पर्वतातली यंत्रे पहिली लहर ओळखतात आणि संदेश सुटतो. गढवालमध्ये भूकंप झाला तर दिल्लीला सुमारे मिनिटभर मिळू शकते, डेहराडूनला त्याहून बरेच कमी. केंद्राजवळच्या गावांना काहीच मिळत नाही. तिथे संदेश पोहोचण्याआधी भिंत हललेली असते. त्या गावांसाठी विभागाकडे अजून तेच सांगण्यासारखे आहे, जोत्याशी एक पट्टा, लिंटेलला एक, छपराखाली एक.